बाटली आडवी झाली, पुढे काय?

पोळ्याची कर झाली की आमच्याकडे येणाऱ्या बायांची संख्या वाढते. अमरावतीला असो की अकोल्याला, हा अनुभव आता इतका जुना झाला आहे की त्या आठवड्यात आम्ही बाहेरगावचे कार्यक्रम ठेवतच नाही. यंदा करीनंतर तिसऱ्या दिवशी मूर्तिजापूरकडची एक बाई आली. वय चाळिशीचे. मारहाणीची तक्रार असणार असे गृहीत धरून आम्ही कागद पुढे ओढला. पण तिला तक्रार लिहायची नव्हती. नवरा महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता, साडेचार महिने त्याने थेंबाला हात लावला नव्हता, आणि करीच्या दिवशी पुन्हा प्याला. ती म्हणाली, "तो पेला त्याचं तं आहेच वो ताई. पन साडेचार महिने मी कोनाजवळ एक शब्द बोलली नाही. कोनाले सांगू? सारे म्हनत, आता तं सुटली ना त्याची, मंग काऊन रडतं तू?"

मैत्रिणींनो, तिच्या या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. दारू पिणाऱ्या नवऱ्याची बायको म्हणून ती आली असती तर काय करायचे ते आम्हांला पाठ आहे: पोलीस ठाणे, संरक्षण अधिकारी, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा, माहेरची माणसे, गावची बैठक. पण दारू सोडलेल्या नवऱ्याची बायको? तिची भीती, त्याच्या प्रत्येक उशिरा येण्याने तिच्या पोटात उठणारा गोळा, खिसे चाचपण्याची लागलेली सवय, त्याचे तोंड हुंगण्याची लाज. याला आमच्या रजिस्टरात रकानाच नाही.

आणि त्या पुरुषालाही साडेचार महिन्यांत बसायला जागा कोणती होती? केंद्रातून तो घरी आला तेव्हा गावात त्याचे ओळखीचे असे एकच ठिकाण होते. तिथले लोक त्याला नावाने हाक मारत, शेजारी बसवत, त्याचे ऐकून घेत. ते ठिकाण म्हणजे देशीचे दुकान. आपण त्याला सांगितले की तिथे जाऊ नको. कुठे जा, ते सांगितले नाही.

विदर्भातल्या बायांनी दारूविरुद्ध जे केले आहे त्याचा आम्हांला अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत लोकांनी वर्षानुवर्षे लढून १९९३ मध्ये ती मिळवली. चंद्रपूरच्या बाया चिमूरपासून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. २०१५ मध्ये तिथे बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवलीही. यवतमाळात 'स्वामिनी' अभियानाच्या बाया रस्त्यावर उतरल्या. आपल्याकडे अमरावती-अकोल्यात जिल्हाबंदी नाही, पण गावठाणातले दुकान हटवण्यासाठी सह्या गोळा करण्यात, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या आयांना हाताला धरून आणण्यात आणि 'आडवी बाटली'वर शिक्के मारण्यात आपल्यापैकी कित्येकींनी उन्हाळे घालवले आहेत. बाटली आडवी झाली त्या संध्याकाळी उधळलेला गुलाल अजून काहीजणींच्या लुगड्यांवरून गेलेला नाही.

पण दुकान बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले जे दहा-वीस पुरुष थरथरत्या हाताने उठले, त्यांचे काय झाले याची नोंद आम्ही ठेवली नाही. काही शेजारच्या गावी प्यायला जाऊ लागले आणि येताना रस्त्यावर पडू लागले. काही हातभट्टीकडे वळले. एकदोघे आजारी पडले. ही गोष्ट आम्ही त्या वेळी सभेत मांडली असती तर दुकानदाराला आयतेच बोलायला मिळाले असते, म्हणून गप्प बसलो. ते चुकलेच. बंदीची मागणी एकीकडे आणि पिणाऱ्याच्या आजाराचा विचार दुसरीकडे, हे दोन्ही एकाच वेळी धरायला आम्हांला जमायला हवे होते.

आजार हा शब्द आम्ही जपूनच वापरतो. 'तो आजारी आहे' असे म्हटले की मारहाणीला माफी मिळते, हे आपण पुष्कळदा पाहिले आहे. दारू पिऊन बायकोला मारणारा गडी चौकातल्या फौजदाराला मारत नाही. इतकी शुद्ध त्याला असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की ज्यांचे नवरे वरचेवर झिंगलेले असतात अशा बायांपैकी ७० टक्के बायांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. नवरा मुळीच पीत नाही अशांमध्ये हे प्रमाण २३ टक्के होते. पहिला आकडा सगळेच सांगतात. दुसराही तितकाच लक्षात ठेवावा. न पिणाऱ्यांच्या घरातही जवळजवळ चौथी बाई मार खाते. दारू सुटली की सगळे सुटेल ही आशा आपण कोणाला दाखवू नये.

तरीही व्यसन हे शरीराला आणि मनाला जडलेले दुखणे आहे, आणि त्यातून माणूस एकट्याने क्वचितच बाहेर येतो. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १० ते ७५ वयोगटातल्या १४.६ टक्के लोकांनी मागच्या वर्षभरात दारू घेतली होती, पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के. दारूच्या पुरते कह्यात गेलेल्यांपैकी ३८ मध्ये एकाला कोणता तरी उपचार मिळाला होता. उरलेल्या सदतीस जणांच्या घरात काय चालते ते आपण रोज ऐकतो: अंगारा, गंडा, देवळात घेतलेली शपथ, माळ घालणे, आणि भिंतीवर जाहिरात असलेली 'न सांगता दारू सोडवणारी' पुडी.

त्या पुडीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. अकोल्याच्या बैठकीत एका बाईने हळूच विचारले की भाजीत कालवून द्यायची का. देऊ नका. अशा पुड्यांत काय असते ते विकणाराही सांगत नाही. दारूबरोबर घेतले की उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम खाली जाणे असा त्रास देणारे औषध डॉक्टर वापरतात, पण ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून. न सांगता दिले आणि तो वरून प्याला तर जीवही जाऊ शकतो. मग पोलीस कोणाला धरतील ते तुम्हीच सांगा. त्याचप्रमाणे, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर दोन-चार दिवसांत झटके येणे, भ्रम होणे, भिंतीवर किडे दिसणे असे होऊ शकते. हे नाटक नसते. तेव्हा दवाखान्यातच न्यावे लागते. सुरुवात डॉक्टरकडे, हे पक्के. बोलणे आहे ते त्यानंतरच्या वर्षांचे.

वऱ्हाडात हा विषय निघाला की गाडगेबाबांचे नाव येतेच. शेंडगावचे झिंगराजी दारूपायी लवकर गेले, आणि त्यांचा मुलगा डेबू पुढे आयुष्यभर खराटा हातात घेऊन कीर्तनातून लोकांना दारू आणि कर्जापासून परावृत्त करत फिरला, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले, हेही आपण ऐकले आहे. पण झिंगराजींची बायको सखुबाई? नवरा गेल्यावर लहानग्या डेबूला घेऊन ती मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली, भावाच्या आश्रयाला राहिली. तिने काय काय पाहिले असेल, कोणाजवळ बोलली असेल, बोललीच नसेल का? चरित्रांमध्ये तिच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. करीनंतर आमच्याकडे आलेली बाई त्याच तालुक्यातली. मधे सव्वाशेहून अधिक वर्षे गेली आहेत.

आता ज्या गोष्टीची या अंकात चर्चा करायची आहे तिच्याकडे येतो. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी शेअर बाजारातला एक दारुडा आणि एक दारुडा शल्यविशारद एकमेकांसमोर बसून बोलले, आणि त्यांच्या लक्षात आले की दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलताना आपली तल्लफ टळते. त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' उभी राहिली. फी नाही, आडनाव नाही, उपदेशक नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जमायचे, पाळीपाळीने आपले सांगायचे आणि दुसऱ्याचे मधे न बोलता ऐकायचे. एवढेच. इतक्या साध्या गोष्टीने काय होणार असे आम्हांलाही वाटत असे. २०२० मध्ये २७ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण एकत्र तपासून जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात या सभांशी नीट जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षाअखेर पूर्ण कोरडे राहिलेल्यांचे प्रमाण ४२ टक्के आढळले. इतर मान्य मानसोपचारांत ते ३५ टक्के होते. चमत्कार नव्हे. निम्म्याहून अधिक लोक घसरतातच. पण फुकट मिळणारी, गावात कोणालाही सुरू करता येणारी गोष्ट डॉक्टरी उपचारांच्या बरोबरीला येते आणि थोडी पुढेही जाते, हे लहान नाही.

या संस्थेचा एक किस्सा मात्र आपल्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३९ मध्ये त्यांनी आपले पुस्तक काढले. त्यात 'बायकांसाठी' म्हणून एक प्रकरण आहे, बायकोच्या तोंडून लिहिलेले. ते लिहिले नवऱ्याने! संस्थापक बिल विल्सनची बायको लुईस अनेक वर्षे त्याला सांभाळत आली होती. ते प्रकरण लिहायची तिची इच्छा होती, पण तिला लिहू दिले गेले नाही. हीच लुईस पुढे १९५१ मध्ये आणखी एका बाईला बरोबर घेऊन घरच्या माणसांचे वेगळे गट बांधायला पुढे आली. आज जगभर 'अल-अनॉन' म्हणून चालतात ते हे गट. तिथे सांगितले जाते की त्याची दारू तुझ्यामुळे लागलेली नाही, ती तुझ्या हातात नाही आणि ती बरी करणे हे तुझे काम नाही. 'बायको नीट वागली असती तर तो प्यालाच नसता' हे सासूपासून सरपंचापर्यंत सगळ्यांकडून ऐकलेल्या बाईला ही तीन वाक्ये ऐकून काय वाटत असेल!

महाराष्ट्रात हे काम ज्यांनी मराठीत आणले त्या डॉ. अनिता अवचट. गर्दचे व्यसन शहरांत पसरत असताना, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. अनिल अवचट आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचा त्यात मोठा वाटा होता, त्यांची नावे सर्वांना माहीत आहेत. पण रोजचा गाडा ओढला तो अनिताबाईंनी, १९९७ मध्ये त्या गेल्या तोवर, तोही स्वतःच्या कर्करोगाशी झुंजत. त्यांच्याकडे बायकांचा 'सहचरी' गट चालला. उपचार संपलेल्यांनी पुन्हा पुन्हा यायचे, भेटायचे, घसरला असेल तरी तोंड न लपवता यायचे, ही तिथली रीत. पुढे पिणाऱ्या स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभागही तिथे निघाला. पण पुणे आपल्यापासून पाचशे-सहाशे किलोमीटर. पाच आठवडे तिथे राहून येता येते. दर गुरुवारी जाता येत नाही.

आणि प्रश्न दर गुरुवारचाच आहे. ए.ए.च्या सभा विदर्भातल्या मोठ्या शहरांत होतात, त्यांनी कित्येकांना वाचवले आहे. पण त्या बहुतेक संध्याकाळी, आणि खोलीत सगळे पुरुष. अंजनगावची, तेल्हाऱ्याची, बाळापूरची बाई संध्याकाळी सातला शहरात कशी येणार आणि कोणत्या एस.टी.ने परत जाणार? गावोगाव गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते, रोज ठरल्या वेळी एकत्र बसण्याची वऱ्हाडाची ही जुनी सवय मोठी ठेव आहे. पण ती वेळ चुलीची. बाई तिथेही मागच्या रांगेत, निम्मे लक्ष घराकडे ठेवून.

आपल्या काही मैत्रिणींनी या कल्पनेवरच आक्षेप घेतला आहे, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. त्या म्हणतात, पितो तो, मारतो तो, आणि गटात जाऊन स्वतःला सुधारायचे ते तिने? व्यसन सोडवण्याचे आणखी एक ओझे बाईच्याच डोक्यावर? काही ठिकाणी तर तिलाच 'तूही आजारी आहेस' असे सांगितले जाते. आम्हांला वाटते की हा धोका खरा आहे आणि गट कोण चालवतो यावर तो अवलंबून आहे. ज्या गटात 'सांभाळून घे, संसार टिकव' असे सांगतात तो गट आपला नव्हे. तिने राहावे की निघावे हे तिचे तिने ठरवायचे. ते ठरवण्याइतकी शांत जागा तिला आठवड्यातून दोन तास मिळावी, इतकाच गटाचा उपयोग. मार खाणाऱ्या बाईला आधी सुरक्षितता, मग बैठक.

दुसरी अडचण नाव लपवण्याची. मुंबईत अनामिक राहता येते. दर्यापुरात कोण कोणाच्या घरी गेले ते चहा उकळायच्या आत गावभर होते. शिवाय आपल्याकडे याला आणखी एक काटा आहे. शेतकरी आत्महत्येच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवताना कर्ज, नापिकी आणि वसुलीचा तगादा पाहतात. 'व्यसनाधीन होता' असा शेरा पडला की मागे राहिलेल्या बाईचा कागद अडतो. मग ती कशाला कबूल करील की घरात दारू होती? तिने जिवंतपणी कोणाला सांगितले असेल तर तेच उद्या तिच्याविरुद्ध येईल ही भीती तिला वाटते, आणि ती खोटी नाही. म्हणून आमच्या बैठकीत हजेरीचे रजिस्टर नाही. अनुदान मागायला गेलो तर पहिल्यांदा रजिस्टरच मागतील. तेव्हा अनुदानही नको.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. स्वतः व्यसन असलेली बाई. पाहणीत दारू घेणाऱ्या सतरा पुरुषांमागे एक बाई दिसते, पण ती गटात कुठे दिसते? पुरुष सुटून आला तर त्याचा सत्कार होतो. ती सुटून आली तर तिची मुले आधीच सासरी ठेवून घेतलेली असतात. मेळघाटातल्या मोहाची गोष्ट वेगळी. तिथे सणाची दारू आणि व्यसन यांची सरमिसळ करून आदिवासी बायांना शहाणपण शिकवायला आपण जाऊ नये. पण शहरातल्या झोपेच्या गोळ्या? आणि तंबाखू? खर्रा तोंडात धरून दारूबंदीच्या घोषणा देणाऱ्या आपण किती जणी होतो, हे मोजायचे धाडस अजून झालेले नाही. (हे लिहिणारीही त्यात होती.) १९७० च्या दशकाच्या मध्याला जीन कर्कपॅट्रिक या अमेरिकन बाईने बायांचे वेगळे गट काढले, ते याच जाणिवेतून. पुरुषाने आपला ताठा सोडून 'मी हतबल आहे' म्हणणे हा त्याच्यासाठी मुक्तीचा आरंभ असेल. जन्मभर हतबल ठरवल्या गेलेल्या बाईला पुन्हा तेच म्हणायला लावून काय साधणार, असा तिचा सवाल होता.

खरे तर गोल करून बसणे, पाळीपाळीने आपले अनुभव सांगणे, कोणी न्यायाधीश न होणे, हे आपल्याला कोणाकडून शिकायचे नाही. १९७५ नंतरच्या जाणीव-जागृतीच्या गटांत आपण हेच केले. त्यातूनच आपल्याला कळले की जे मी माझे नशीब समजत होते ते हिच्याही घरी आहे आणि तिच्याही. मग मोर्चे, खटले, अनुदाने, अहवाल यांत ते बसणे कधी सुटले कळलेही नाही. बचत गटांनी बायांना महिन्याकाठी एकत्र आणले, पण तिथे हप्त्याचा हिशेब होतो. ज्या बाईने नवऱ्याच्या दारूपायी हप्ता बुडवला तिला तिथे तोंड उघडणे सर्वांत कठीण. पैशाची बैठक आणि ही बैठक एक करू नये, हे आमचे अनुभवाने झालेले मत आहे.

गेल्या दीड वर्षापासून अमरावतीत आणि आठ महिन्यांपासून अकोल्यात आम्ही दर गुरुवारी दुपारी दोन ते चार बसतो. दोन यासाठी की धुणीभांडी करणाऱ्या बाया तेव्हाच मोकळ्या होतात आणि बाहेरगावच्यांना पाचची गाडी मिळते. पहिले सहा गुरुवार आम्ही दोघी-तिघीच एकमेकींची तोंडे पाहत बसलो. सातव्या गुरुवारी एक आली, काही बोलली नाही, पुढच्या आठवड्यात शेजारणीला घेऊन आली. मधे पावसाळ्यात कोणीच येईना तेव्हा पंधरवड्याला करू असे ठरत होते. एका म्हाताऱ्या आईने अडवले. ती म्हणाली, "मले गुरुवार याद राह्यते. पंधरवडा याद राहत नाही." मग दर गुरुवारच ठेवला. कोणी नसले तरी एकीने जाऊन दार उघडायचे, दोन तास बसायचे. एकदा आमच्यातल्या एकीने कोणी येणार नाही म्हणून कुलूप उघडले नाही, आणि त्याच दिवशी बोरगाव मंजूहून एक बाई येऊन बंद दारासमोर तासभर उभी राहून गेली. ती पुन्हा आली नाही.

करीनंतर आलेली ती बाई आता येते. नवरा पुन्हा थांबला आहे, किती दिवस ते ती मोजत नाही. तोही कुठे बसायला मिळते का विचारतो, त्याला ए.ए.च्या सभेचा पत्ता दिला. आपल्या गटात पुरुष नकोत, यावर सध्या तरी सर्वांचे एकमत आहे.

दर्यापूरहून एका वाचक मैत्रिणीने लिहिले आहे की तिथेही अशी बैठक सुरू करायची आहे, शाळेची एक खोली मिळते आहे. शाळा नको. तिथे पोरे ओळखतात. दवाखान्याला लागून एखादी खोली मिळाली तर पाहा; दवाखान्यात बाई का गेली हे कोणी विचारत नाही. किल्ल्या दोन करून घ्या, दोन वेगळ्या घरी ठेवा. आणि ज्यांना आजच कोणाशी तरी बोलायचे आहे त्यांच्यासाठी सरकारचा व्यसनमुक्तीचा फुकट दूरध्वनी १४४४६ आहे, मारहाण होत असेल तर १८१. गुरुवारच्या बैठकीला येताना काही आणायचे नाही. चहा आमच्याकडे असतो.